वेणीवाली मावशी

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. एका शुक्रवारच्या दुपारचे मात्र तसे झाले नाही. त्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, कोर्टात काही गेले नाही, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या त्याही चुकीच्या. तरी रस्त्याने जाताना एखाद्या शाळेची मधली सुट्टी झालेली दिसली की मला ती शाळा आठवते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो. त्यातली माणसे अजून आपापल्या घरी नांदत आहेत, म्हणून इथे कोणाचे नाव देत नाही. गावाचेही नाही.

मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्द मोठी, मनुष्यबळ कमी. माझी मुलगी शाळेसाठी नगरला तिच्या आईजवळ आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा, असे ते दिवस होते. त्या सुमारास मोबाईलवर एक अफवा फिरत होती. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आली आहे, बायका भिकारणीच्या वेशात फिरतात, वगैरे. सोबत कुठल्या तरी परमुलखातला व्हिडिओ. आम्ही गावोगाव बैठका घेतल्या, अनोळखी माणूस दिसला तर हात लावू नका, आम्हाला कळवा, असे बजावले. अफवेचा एक स्वभाव असतो. ऐकणारा प्रत्येकजण म्हणतो, माझा काही यावर विश्वास नाही, आणि घरी जाऊन पोरांना आत घेतो.

त्या शुक्रवारी दुपारी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, शाळेत एक बाई धरलीय. पोरं पळवनारी हाय म्हनत्यात. लोकं लई तापल्यात. लवकर या, माझ्यानं आवरायचं न्हाई."

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीप काढली.

गावाबाहेर, बाभळींच्या कडेला, दोन खोल्यांची चौथीपर्यंतची शाळा. आवारात शे-दीडशे माणूस जमले होते. दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या. एका खोलीचे दार बंद होते आणि दारासमोर शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मुले त्यांना मोठ्या बाई म्हणत. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ. त्यांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले होते. त्यांच्या बांगड्या फुटून मनगटाला रक्त आले होते, पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या. शाळेतले दुसरे शिक्षक त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला गेले होते.

"बाई, बाजूला व्हा. तुमचा काय संबंध?" एक तरुण त्यांना म्हणत होता.

"तू याच खोलीत पहिलीला होतास," त्या त्याला म्हणाल्या. "या दारातून कोणाला मारायला आत जायचं असं मी तुला शिकवलं नाही."

आम्ही गर्दी मागे सारली. पाणी प्यायला आलेली बाई आहे, एवढेच मोठ्या बाईंनी मला सांगितले. आत एक तिशीची बाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ फुटले होते, ओढणी फाटली होती. तिला घेऊन बाहेर येताना माझी नजर दुसऱ्या खोलीच्या दाराकडे गेली. मुले तिथे दाटीवाटीने उभी होती. सगळी रडत होती. पुढे उभी असलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी मात्र रडत नव्हती. ती टक लावून त्या बाईकडे बघत होती. तिच्या डोक्याला एका बाजूला चार पेडांची, सुबक, लाल रिबिनीची वेणी होती. दुसऱ्या बाजूचे केस तेल लावून विंचरलेले, पण मोकळे होते.

सरपंच जवळ येऊन म्हणाले, "हीच ती पोरगी, साहेब. हिलाच घेऊन बसली हुती ती, रस्त्यानं जानाऱ्या पोरांनी बघितलं. हिचा आजा घोडेगावच्या बाजाराला गेलाय. आला की फिर्याद देईल. बाप वारला हिचा, म्हातारा-म्हातारीच सांभाळत्यात."

त्या बाईला प्रथम ग्रामीण रुग्णालयात नेले. डोक्याला मार होता म्हणून डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवायचे ठरवले. महिला शिपाई तिच्याजवळ बसली. अजून गुन्हा नव्हता, अटक नव्हती. मी विचारपूस सुरू केली.

"नाव काय तुझं?"

उत्तर नाही.

"कुठल्या गावची?"

उत्तर नाही.

"इथे कशाला आली होतीस?"

ती म्हणाली, "संध्याकाळच्या एसटीनं मला जाऊ द्या. मी परत येनार न्हाई. कधीच येनार न्हाई."

तिच्या पिशवीत एक फणी, खोबरेल तेलाची बाटली, रिबिनींचा गुंडा आणि डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. मोबाईल होता, तो सारखा वाजत होता. तो उचलला असता तर नाव-गाव लगेच कळले असते. पण फोनकडे माझा हात गेला तेव्हा तिने हात जोडले. खरे चोर पोलिसापुढे हात जोडतात ते सुटण्यासाठी. ही बाई कोणाला तरी काही कळू नये म्हणून हात जोडत होती. हा फरक सांगून समजत नाही, वर्षानुवर्षे समोर माणसे बसली की दिसू लागतो. मी फोन तिच्या उशाशी ठेवला आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे ठरवले.

दिवस मावळायच्या आत मुलीचे आजोबा आले. धोतर, टोपी, पायात बाजाराची धूळ. सरपंच आणि चार माणसे बरोबर होती. मी फक्त आजोबांना आत नेले. ती बाई खाटेवर बसली होती. तिने वर पाहिले आणि पदर सावरावा तसा फाटक्या ओढणीला हात घातला.

"हिला ओळखता का?" मी विचारले.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "न्हाई. मी न्हाई वळकत."

"पूर्वी कधी गावात पाहिलं?"

"न्हाई."

तिने मान खाली घातली.

"मग फिर्याद देता का? हिने तुमच्या नातीला पळवून न्यायचा प्रयत्न केला, असं सरपंचांचं म्हणणं आहे."

"सकाळी बघू," आजोबा म्हणाले. "आत्ता डोस्कं चालंना."

व्हरांड्यातून बाहेर पडता पडता ते थांबले. महिला शिपायाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पोरी, तिनं काय खाल्लं का?"

ते वाक्य मला ऐकू गेले. आपली नात पळवायला आलेली अनोळखी बाई जेवली की नाही, याची चौकशी करणारा म्हातारा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तेव्हा काही बोललो नाही. साक्षीदार स्वतःहून एक पाऊल टाकतो तेव्हा त्याला लगेच धरू नये. तो ते पाऊल मागे घेतो.

क्वार्टरवर आल्यावर मी माझ्या मुलीला फोन केला. ती शाळेतले काहीतरी सांगत होती. माझ्या डोळ्यांपुढे ते अर्धे विंचरलेले डोके होते. मुलगी लहान होती तेव्हा सुट्टीत घरी गेलो की तिची वेणी घालायचा हट्ट मी करायचो आणि ती नेहमी वाकडी व्हायची. वेणी घालायला दोन्ही हात अडकतात, वेळ लागतो आणि पोरीला मान स्थिर ठेवावी लागते. ज्याला मूल उचलून पळायचे आहे तो असा बैजवार बसत नाही. आणि अनोळखी बाईपुढे मूलही अशी मान देत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा. मी साध्या कपड्यांत गेलो. आदल्या दिवशीच्या प्रकारामुळे मुले येतील की नाही अशी शंका होती, पण निम्म्याहून अधिक आली होती. बाईंच्या मनगटाला पट्टी होती. त्या म्हणाल्या, "पाठ संपू द्या, मग बोलू. तोवर बसा." आणि मला मागच्या सतरंजीवर बसायला लावले. एका प्रभारी अधिकाऱ्याला कोणी असे सांगत नाही. मी मुकाट्याने मांडी घातली.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे छडी होती आणि पाढे होते. इथे बाईंनी बाजूच्या वस्तीवरून आणलेल्या पाच प्रकारच्या शेंगा मुलांपुढे टाकल्या होत्या. मुले त्या फोडत, दाणे मोजत, कुठली कोणाच्या शेतातली यावर वाद घालत आणि मग ते फळ्यावर लिहीत होती. चौथीतला मुलगा पहिलीतल्या पोराला ळ काढून दाखवत होता. कोणी चुकले तर हसत नव्हते. भिंतीच्या एका कोपऱ्यात आरसा, साबण, नखे कापायची कात्री आणि एक घडीची खाट होती. ताप आलेली एक पोर त्या खाटेवर झोपली होती आणि बाई शिकवता शिकवता जाऊन तिच्या कपाळाला हात लावून येत होत्या. मला तिथून उठावेसे वाटेना. आपण पुन्हा पहिलीत जावे आणि आपल्याला या बाई असाव्यात, असे त्या सतरंजीवर बसून मला वाटले. पोलिसाला हे लिहायला थोडे विचित्र वाटते, पण वाटले हे खरे.

मधली सुट्टी झाल्यावर मी मुलांजवळ गेलो. मुलांना आरोपीसारखे विचारायचे नसते. मी म्हणालो, "काल ती बाई आली होती ना, तिचं डोकं आता दुखत नाहीये."

एक बारकी मुलगी पटकन म्हणाली, "वेणीवाली मावशी?"

दुसरीने तिला कोपराने ढोसले. पण शब्द बाहेर पडला होता.

"ती सगळ्यांच्या वेण्या घालते का?"

"व्हय. माझी बी घालती. पन आदी तिची." तिने त्या सात-आठ वर्षांच्या मुलीकडे बोट केले. ती मुलगी त्या दिवशीही शाळेत आली होती. तिचे केस दोन्ही बाजूंनी मोकळे होते.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "तूपण तिला मावशी म्हणतेस?"

तिने आधी मोठ्या बाईंकडे पाहिले. मग म्हणाली, "लोकांसमोर."

मी उठलो आणि बाईंकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले होते.

"साहेब, जबाब लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "काल मी पूर्ण सांगितलं नाही. पाणी प्यायला आलेली बाई असं म्हणाले. ते खोटं होतं."

हकिकत अशी होती. मुलीचे वडील पुण्याकडे कंपनीत कामाला होते. नवरा-बायको आणि मुलगी तिकडेच राहत. त्यामुळे गावाने सुनेला लग्नानंतर क्वचितच पाहिले होते, त्यात डोक्यावर पदर. कंपनीतून येताना अपघात होऊन तो गेला. सून माहेरी आली. माहेरच्यांनी तिचे दुसरे लग्न संगमनेरकडच्या एका बिजवराशी ठरवले. तेव्हा दोन्हीकडची भावकी बसली आणि बैठकीत ठरले की मुलगी आजी-आजोबांकडे राहील आणि आईने मागचा संबंध ठेवायचा नाही. पोरीला आणि नव्या घराला दोघांनाही तेच बरे, असे थोर माणसांचे मत पडले.

"मुलगी माझ्या शाळेत आली तेव्हा तिला अक्षरं येत होती," बाई सांगत होत्या. "पण ती बोलत नव्हती. वाचत नव्हती. दाराकडे तोंड करून बसायची. मी गाणी म्हटली, चित्रं दिली, शेजारी घेऊन बसले. काही नाही. मग एका शुक्रवारी कुंपणाबाहेर एक बाई उभी दिसली. तोंडाला स्कार्फ. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मी जाऊन विचारलं तर म्हणाली, फक्त लांबून बघते, हाकलू नका. साहेब, दाराकडे बघणाऱ्या मुलाला अक्षर शिकवता येत नाही. ते दारातून ज्याची वाट बघतंय ते माणूस मी आत घेतलं. माझी चूक असेल तर लिहा."

"मग काय झालं?"

"पहिल्या दिवशी काहीच नाही. दोघी नुसत्या बसल्या. दुसऱ्या वेळी तिनं पोरीचे केस विंचरले. बाकीच्या मुली जवळ आल्या, तर त्यांचेही विंचरले, म्हणजे कोणाच्या मनात काही येऊ नये. महिन्याभरात मुलगी मोठ्यानं वाचायला लागली. सोमवारपासून धडा तयार करायची, शुक्रवारी आईला वाचून दाखवायला."

"शुक्रवारच का?"

"त्या दिवशी आजोबा बाजाराला जातात."

जबाब लिहून झाल्यावर मी आजोबांच्या घरी गेलो. वस्तीवर दोन खणांचे पत्र्याचे घर, समोर गोठा. आजोबांनी बाजेवर गोधडी टाकली. आजी दारात बसून शेंगा निवडत होती. तिची बोटे सांध्यात वाकडी झाली होती.

"काका," मी म्हणालो, "ती जेवली का, हे तुम्ही का विचारलंत?"

आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ती तुमची सून आहे."

"हुती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "हाय."

"मग काल नाही का म्हणालात?"

"काय म्हनू साहेब? भाईर सरपंच हुता, चार मानसं हुती. वळख दिली आसती तर रातीतून तिच्या घरी फोन गेला आसता. मागलं काई ठिवायचं न्हाई या बोलीवर तिला नांदवलीय. तिचं तिकडलं बी मोडलं आसतं. म्हनलं, अनोळखी म्हनून तुमी द्याल सोडून." ते थांबले. "आन दुसरं बी हाय. खोटं कशाला बोलू. आई हाय म्हनलं तर कायदा पोरगी आईला दील. पोरगा गेला. ही बी गेली तर या घरात आमी दोगं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

आजी शेंगा निवडायची थांबली होती. ती म्हणाली, "मला ठावं हुतं ती येती त्ये."

आजोबांनी मान वळवली. "तुला कवापासून?"

"पैल्या येनीपासून. माज्या हातानं तीन पेडाची बी व्हत न्हाई आता. दर शुक्कारी पोरगी चार पेडाची घालून येती. तुमी बाजारातनं याच्या आदी मी ती सोडायची आन साधी बांधायची. तुमाला दिसू नये म्हनून."

आजोबांनी गुडघ्यावरची टोपी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"आगं, मला बाजारात काय काम आसतंय?" ते शेवटी म्हणाले. "दर शुक्कारी जातो. गाय इकायची म्हनतो. गाय कधी दावनीची सोडली का? मी घरी आसलो तर ती यायची न्हाई, म्हनून जातो. दिसभर झाडाखाली बसतो आन येतो."

गोठ्यात गाय उभी होती. आजीने पदर तोंडाला लावला. दोघे एका घरात राहून इतके दिवस एकमेकांपासून तेच लपवत होते. मी कागद-पेन काढले नाही. चौकशीत जो क्षण येण्यासाठी आम्ही आटापिटा करतो तो आला होता, आणि मला तिथून बाजूला व्हावेसे वाटत होते.

कायद्याची बाजू मी त्यांना सांगितली. आईला मुलीला भेटायला कोणत्याही कोर्टाने मनाई केलेली नव्हती. भावकीच्या बैठकीचा निर्णय म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. सगळ्यांनी मिळून ठरवले तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. "आणि पोरगी कोणी ओढून नेणार नाही," मी म्हणालो. हे शेवटचे वाक्य कायद्यात नव्हते, पण त्या वेळी त्यांना तेवढेच ऐकू गेले.

आजीने भाकरी आणि पिठले बांधून घेतले. जीपमध्ये बसायच्या आधी ती म्हणाली, "शाळंतनं पोरीला बी घिऊ." आम्ही तिला घेतले. वाटेत ती आजीच्या मांडीवर बसली होती आणि खिडकीबाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. खताच्या दुकानाची, पेट्रोल पंपाची, मंगल कार्यालयाची. आजोबा पुढे माझ्याशेजारी बसून ऐकत होते. ती इतके वाचते हे त्यांना बहुधा माहीत नव्हते.

रुग्णालयात काय झाले ते मी फार लिहीत नाही. मी दाराबाहेर थांबलो. आतून भांड्यांचा आवाज आला. मग आजीचा आला, "आदी खा. मग बोल."

जेवण झाल्यावर सुनेने स्वतः फोन मागितला आणि नवऱ्याला लावला. ती त्याला म्हणाली, "मी दवाखान्यात हाय. कुठं आन का, ते आदी पुरतं ऐका. मग काय बोलायचं ते बोला." तिने सगळे सांगितले. पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "येत्यात."

तो दुपार कलल्यावर आला. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. पहिली बायको गेलेली, दोन मुली. मी सावध होतो. अशा वेळी माणूस काय करील याचा नेम नसतो, म्हणून एक शिपाई दाराशी ठेवला होता. पण नवरा आत गेला नाही. बाकावर आजोबा बसले होते, त्यांच्याशेजारी टेकला. दोघे अनोळखी पुरुष समोरच्या भिंतीकडे बघत बसले. खूप वेळाने त्याने विचारले, "पोरीचं नाव काय?"

आजोबांनी नाव सांगितले.

"माझ्या दोघींची वेणीफणी तीच करती रोज," तो म्हणाला. "मला कधी सुचलं न्हाई तिच्या पोरीचं नाव इचारायचं." मग तो उठून आत गेला.

जबाब पूर्ण केले. आजोबांनी तक्रार नसल्याचे लिहून दिले. मारहाण करणाऱ्यांविरुद्ध फिर्याद द्यायला सून तयार नव्हती. त्यांत दोघे-तिघे तिच्या पहिल्या सासरच्या भावकीतलेच होते. मी त्या पोरांना ठाण्यात बोलावले आणि प्रतिबंधक कारवाई केली. त्यांच्यातला बाईंशी वाद घालणारा तरुण कोपऱ्यात उभा राहून रडला. ठरले ते असे की मुलगी चौथीपर्यंत आजोबांकडे राहील, आई उघडपणे घरी येईल आणि सुट्टीत मुलगी तिच्याकडे जाईल.

बाईंचे मात्र बरे झाले नाही. परक्या माणसाला शाळेत घेतले, अशी तक्रार वर गेली. चौकशी लागली. मी माझे म्हणणे लेखी दिले. नियमाने पाहिले तर तक्रार अगदीच निराधार नव्हती, हे मलाही कळत होते. मुलांच्या शाळेत कोण येते-जाते याची खात्री झालीच पाहिजे. फक्त बाईंनी ती खात्री केली होती, इतकेच. शेवटी त्यांची बदली अकोल्याकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर झाली. आपल्या नगर जिल्ह्यातले अकोले, म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक. निरोपाच्या दिवशी मी बंदोबस्ताच्या वाटेवर मुद्दाम तिकडे गेलो. मुलांनी त्यांचा पदर धरून ठेवला होता. त्या एकेकाचे बोट सोडवत होत्या आणि प्रत्येकाला काही ना काही सांगत होत्या. माझ्याजवळ आल्या तेव्हा म्हणाल्या, "खाटेवरच्या पोरीला कावीळ निघाली होती. बरी आहे आता."

पुढे माझीही बदली झाली. मग निवृत्ती.

गेल्या वर्षी त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. येताना गाडी गावात वळवली. शाळेला आता फाटक आहे. नवे तरुण गुरुजी बाहेर आले आणि कोण, कोणाला भेटायचे, हे नीट विचारून मगच त्यांनी मला आत घेतले. मला ते आवडले. शाळा स्वच्छ आहे, मुले चुणचुणीत आहेत. गुरुजी चांगले आहेत, पाठ मन लावून घेतात. तरी मी मागच्या सतरंजीकडे पाहत होतो आणि जे शोधत होतो ते तिथे नव्हते.

आजी-आजोबा घरी होते. नात चौथी झाल्यावर संगमनेरला आईकडे गेली. मोठी शाळा आहे, तिघी बहिणी एका रिक्षाने जातात. "आमीच धाडली," आजोबा म्हणाले. "तिनं मागितली न्हवती. मी म्हनलं, ने. शिकू दे." बोलता बोलता त्यांनी दोनदा रस्त्याकडे पाहिले. आजी म्हणाली, "फोनात दिसती रोज. पन हात फिरवावा म्हनलं तर काच लागती."

चहा झाला. आमच्या ठाण्यात हरवलेल्या माणसांची नोंद होते. वर्णन, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचे कुठे दिसले. अशी पुष्कळ माणसे मी शोधून दिली. पण जी हरवलेली नाहीत, कुठे आहेत हे पक्के माहीत आहे, सुखात आहेत, तरी घरात जिथेतिथे ज्यांची उणीव भासते, त्यांच्याबद्दल कोणाकडे जायचे हे मला तेव्हाही सांगता आले नसते आणि आजही येत नाही. या प्रकरणात गुन्हेगार नव्हता. एका मुलीवर जीव असलेली चार-पाच माणसे होती आणि ती एकमेकांना भीत होती. त्यांना एकत्र बसायला जागा फक्त एका शाळेत मिळाली, तीही काही शुक्रवार. चांगली शाळा कोणती, असे मला नातेवाईक विचारतात, तेव्हा मी निकाल आणि इमारत सांगत नाही. मूल तिथे कोणासाठी रडू शकते का, आणि ते कोणाच्या लक्षात येते का, एवढे बघा म्हणतो.

निघताना आजी माझ्यामागे अंगणापर्यंत आली.

"साहेब, एक काम हुतं. पोरगी सारखी इचारती, मोठ्या बाई कुठं हायेत म्हनून. तिला बोलायचंय. आमाला काय पत्ता लागंना. तुमी पोलीस. बघता का?"

मी म्हणालो, आता मी पोलीस नाही. पण बघतो.

निवृत्तीनंतर केलेला तो एकमेव तपास. अकोल्याच्या त्या शाळेतून बाई निवृत्त होऊन गेल्या होत्या, कुठे ते तिथे कोणाला नक्की सांगता येईना. जुन्या ओळखी काढल्या, चार ठिकाणी फोन केले आणि शेवटी त्या राजूरजवळ मुलाकडे राहत असल्याचे कळले. मी त्यांना फोन लावला. माझे नाव सांगितले. मुलीचे नाव सांगितले तेव्हा म्हणाल्या, "थांबा हं, चष्मा लावते," आणि मुलीच्या घरचा नंबर उतरवून घेतला. दोनदा वाचून खात्री केली.

त्या दोघींचे पुढे काय बोलणे झाले, मला माहीत नाही. मी विचारले नाही.